आईच्या नावाचं कार्ड

माझी आई जिल्हा परिषदेच्या शाळांमध्ये चौतीस वर्षं शिक्षिका होती. तिला निवृत्त होऊन दहाएक वर्षं झाली होती, तेव्हाची ही गोष्ट. एका दुपारी पोस्टमनने तिला एक जाड, गुळगुळीत पाकीट आणून दिलं. आत एका मोठ्या बँकेचं पत्र होतं. 'आमच्या क्रेडिट कार्ड परिवारात आपलं स्वागत. आपलं कार्ड एव्हाना आपल्या हाती आलंच असेल,' अशी त्याची सुरुवात. आईने क्रेडिट कार्ड कधी मागितलं नव्हतं. तिच्या हातीही काही आलं नव्हतं. तिची पेन्शन दुसऱ्याच बँकेत जमा व्हायची, आणि या बँकेची पायरी ती जन्मात चढली नव्हती.

माझ्याकडे ते पाकीट आलं असतं तर मी ते न फोडताच रद्दीत टाकलं असतं. मी दापोलीत एका कार्यालयात कारकुनी करते. दिवसभर कागदांत बुडालेली असते, घरी आल्यावर आणखी कागद नको वाटतो. आईचं तसं नाही. छापलेलं जे काही हातात येईल ते ती पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचते. औषधाच्या खोक्यातली ती बारीक टायपातली घडीची चिठ्ठीसुद्धा. तिने पत्राची चारही पानं वाचली. शेवटच्या पानावर, कार्ड कुठे पोहोचवलं आणि कुठल्या मोबाईलवर संदेश येतील ते लिहिलं होतं.

मी जेवायला डबा उघडत होते तेवढ्यात तिचा फोन आला.

"बाय, माझ्या मोबाईलच्या शेवटी कुठले आकडे आहेत?"

"तुझा नंबर तुला माहीत नाही?"

"मला माहीत आहे. मी चुकत नाही ना, एवढंच बघायचं होतं. या कागदावर माझं नाव आहे, माझ्या गावचा पत्ता आहे, पण मोबाईल दुसऱ्याचा आहे. आणि कार्ड कुठल्याशा भलत्याच शहरात पोचवलंय."

"आई, तू तुझे कागद कोणाला दिले होतेस का?"

पलीकडे ती कागद गोळा करायला लागली. मग म्हणाली, "तू ये. फोनवर नको."

आमचं गाव दापोलीहून एसटीने तासाभरावर, आंजर्ल्याच्या बाजूला. मी अर्धी रजा टाकून दुपारच्या गाडीने गेले. आई पडवीत सतरंजी घालून बसली होती आणि समोर तिने सगळं मांडून ठेवलं होतं: आधार, पॅन, पेन्शनचं पुस्तक, नोकरीतले आदेश, पगाराच्या जुन्या पावत्या. तिला आठवलं होतं. दोन महिन्यांपूर्वी गावच्या विहारात डोळे तपासायचं मोफत शिबिर झालं होतं. डॉक्टर खरेच होते, त्यांनी डोळे नीट तपासले. पण दाराशी टेबल टाकून बसलेले दोन गृहस्थ त्यांच्यातले नव्हते, हे तेव्हा कोणाच्या लक्षात आलं नाही. ज्येष्ठ नागरिकांना सवलतीचं ओळखपत्र मिळवून देतो म्हणून त्यांनी आधार आणि पॅनच्या झेरॉक्स आणि एकेक फोटो गोळा केला. गोड बोलणारी, इस्त्रीचे कपडे घातलेली माणसं. ते ओळखपत्र पुढे कोणालाच मिळालं नाही.

"मला धरून अकरा जणांनी कागद दिले," आई म्हणाली. "आमच्या वाडीतली सगळी म्हातारी माणसं. ती मला विचारायला आली, 'बाई, देऊ काय?' मी म्हटलं, 'द्या, मीही देत्ये.'"

मी आईला रडताना फार थोड्या वेळा पाहिलंय. त्या दिवशीही ती रडली नाही. चष्मा काढून पदराने पुसला, पुन्हा घातला आणि म्हणाली, "माझं काय व्हायचं ते होईल. पण माझ्या शब्दावर त्यांनी दिलेत, त्यांचं काय?"

मी त्या बँकेच्या मदत क्रमांकावर फोन लावला आणि आईला दिला. बराच वेळ संगीत वाजलं. मग एका मुलाने जन्मतारीख विचारली, आईने सांगितली. तिच्या आईचं नाव विचारलं, तेही तिने सांगितलं. मग तो म्हणाला, "मॅडम, आपल्या नोंदणीकृत मोबाईलवर एक कोड पाठवलाय, तो सांगा."

"तो मोबाईल माझा नाही. तेच सांगायला फोन केलाय."

"मग मॅडम, पडताळणी पूर्ण होत नाही. मला फक्त कार्डधारकाशीच बोलता येतं."

"अहो, कार्डधारक म्हणून जिचं नाव तुमच्याकडे आहे ती मीच आहे. आणि मी सांगत्ये की मी कार्डधारक नाही."

तो मुलगा बिचारा गोंधळला. मलाही त्या स्थितीत हसू आलं आणि लगेच अंगावर काटाही आला. चोराकडे आईचं नाव होतं, जन्मतारीख होती, फोटो होता, आणि बँकेच्या लेखी आई म्हणजे तोच होता. माझी आई स्वतःच्या घराच्या पडवीत बसून मी मीच आहे म्हणून सांगत होती आणि ऐकणाऱ्याला ते ऐकायची परवानगी नव्हती. शेवटी तो म्हणाला, जवळच्या शाखेत जाऊन लेखी द्या.

त्या बँकेची जवळची शाखा म्हणजे रत्नागिरी. पण त्याआधी आई पोलिसांकडे गेली. माझ्याशिवाय, एकटी. टेबलापलीकडच्या हवालदारांनी विचारलं, "पैसे किती गेले, आजी?"

"पैशांचं मला अजून ठाऊक नाही. माझं नाव गेलंय. ते लिहून घ्या."

हवालदारांनी पेन खाली ठेवून तिच्याकडे नीट पाहिलं, असं तिने मला सांगितलं. मग त्यांनी तिला खुर्ची दिली, सगळं ऐकून घेतलं, तक्रार लिहून घेतली आणि वर एक गोष्ट सांगितली: बँकेत गेलात की मूळ अर्ज बघायला मागा, त्याच्यावर अडून बसा.

पुढच्या सोमवारी आम्ही पहाटेच्या एसटीने निघालो. चिपळूणला गाडी थांबली तेव्हा आईने चहा प्यायला, वडा नको म्हणाली. पिशवी तिने सबंध प्रवासात मांडीवरच धरली होती. साडेदहाला आम्ही बँकेत होतो. काचेचं दार, गार हवा. कार्डांचं काम बघणारी एक तरुण अधिकारी होती, पंचविशीतली. तिने पत्र पाहिलं, पोलिसांच्या तक्रारीची प्रत पाहिली, संगणकावर काही पाहिलं आणि म्हणाली, "मी कार्ड आत्ताच्या आत्ता बंद करते. दोनदा वापरलेलं दिसतंय. बाकी तुम्ही तक्रार अर्ज ठेवून जा, आम्ही कळवू."

"मला मूळ अर्ज बघायचाय," आई म्हणाली.

"तो इथे नसतो, मॅडम. मुख्य कार्यालयातून मागवावा लागेल. वेळ लागेल."

"आम्ही बसतो."

"किती वेळ ते मी सांगू शकत नाही."

"आम्ही डबा आणलाय," आई म्हणाली आणि खुर्चीवर जाऊन बसली.

आम्ही साडेतीन तास तिथे बसलो. त्या वेळात आईने मला एक गोष्ट सांगितली, जी मी अर्धवट ऐकून होते. तिला शाळेत घातलं तेव्हा बौद्ध धम्माची दीक्षा घेऊन घरच्यांना चार-पाच वर्षं झाली होती. माझ्या आजोबांनी मोठ्या हौसेने मुलीचं नवं, सुंदर नाव ठेवलं होतं. शाळेतल्या मास्तरांनी मात्र हजेरीपटावर वाडीतलं हाक मारायचं तोडकं नाव लिहिलं, तुमच्यात एवढं नाव कशाला, म्हणून. आजोबांना अक्षर येत नव्हतं. त्यांनी वाडीतल्या एका शिकलेल्या पोराकडून कागदावर ते नाव लिहून घेतलं, त्याचा आकार डोळ्यांत साठवला आणि शाळेत जाऊन हजेरीपट बघायला मागितला. आकार जुळला नाही. ते दुसऱ्या दिवशी परत गेले. तिसऱ्या दिवशीही. चिखलातून, कातळावरून, दोन कोस जायचं आणि दोन कोस यायचं. चौथ्या दिवशी मास्तरांनी वैतागून नाव बदललं. आजोबांनी कागद शेजारी धरून एकेक अक्षर ताडून पाहिलं आणि मगच घरी आले.

"त्यांनी मिळवून दिलेलं नाव आहे ते," आई म्हणाली. "कोणीतरी झेरॉक्स घेऊन वापरायचं नाव नाही."

दोनच्या सुमारास त्या अधिकारी मुलीने आम्हाला बोलावलं आणि संगणकाचा पडदा आमच्याकडे वळवला. अर्ज आला होता. वर आईचाच फोटो, शिबिरात दिलेला. आईने चष्मा सारखा केला आणि वाचायला सुरुवात केली, विद्यार्थ्याची वही तपासावी तशी, प्रत्येक रकान्याखालून बोट नेत. नाव बरोबर. जन्मतारीख बरोबर. पत्त्याचा अर्धा भाग बरोबर. मग तिचं बोट थांबलं.

"शिक्षण, दहावी?" ती मोठ्याने म्हणाली. शेजारच्या टेबलावरचे लोक वळून पाहायला लागले. "व्यवसाय, गृहिणी? चौतीस वर्षं शिकवलंय मी!"

इतक्या दिवसांत तिला खरा संताप आला तो त्या क्षणी. खाली सही होती. इंग्रजीत, एक गिरकी आणि त्याखाली रेघ. आईने पिशवी उघडली. पहिल्या नेमणुकीच्या आदेशावरची पोच, बदल्यांचे कागद, पेन्शनचं पुस्तक, गेल्याच वर्षीचा हयातीचा दाखला. तिने ते एकाखाली एक टेबलावर मांडले. सगळीकडे तीच सही, मराठीत, पूर्ण नाव, शेवटच्या अक्षरावरची वेलांटी जरा लांब ओढलेली. मग तिने टेबलावरचा कोरा कागद ओढला आणि त्यावर तीच सही तीनदा केली.

"चव्वेचाळीस वर्षांत मी इंग्रजीत एकदाही सही केलेली नाही," ती म्हणाली. "येत नाही म्हणून नव्हे. करायची नाही म्हणून."

त्या मुलीने एकेक सही पडद्यावरच्या सहीशी ताडून पाहिली. मग उठून उभी राहिली आणि म्हणाली, "मॅडम, हे मी माझ्या वरिष्ठांना स्वतः पाठवते. हा अर्ज मंजूर व्हायलाच नको होता."

आईचं काम एवढ्यावर संपलं नव्हतं. तिने वहीचं एक पान काढून टेबलावर ठेवलं. त्यावर तिच्या वळणदार अक्षरात उरलेल्या दहा जणांची नावं लिहिली होती. प्रत्येकाच्या नावापुढे त्या माणसाची सही किंवा अंगठा होता. रविवारी घरोघरी फिरून तिने त्या घेतल्या होत्या, मला पत्ताही नव्हता. "यांच्या नावाने काही अर्ज आलेत का बघा," ती म्हणाली. मुलगी आधी म्हणाली की अशी माहिती देता येत नाही. मग म्हणाली, "देता येणार नाही, पण बघता येईल आणि थांबवता येईल." दोन अर्ज सापडले. एक आमच्या शेजारच्या काकांच्या नावाने, ज्यांचा मुलगा मुंबईत असतो आणि जे घरी एकटेच राहतात. दुसरा एका विधवा बाईंच्या नावाने. दोन्ही कार्डं छापायची बाकी होती. दोन्ही अर्ज तिथेच अडवले गेले.

परतीच्या गाडीत आई लगेच झोपली. मी खिडकीतून बाहेर बघत होते, पण खरं तर मी तिच्याचकडे बघत होते. वाटत होतं, गाडीतल्या प्रत्येक माणसाला उठवून सांगावं, ही माझी आई आहे.

पुढे दीड-दोन महिने पत्रव्यवहार चालला. आईने प्रत्येक पत्राची प्रत ठेवली, प्रत्येक उत्तरातली चूक दाखवून दिली. शेवटी बँकेचं पत्र आलं की तो अर्ज खोटा होता, खातं बंद केलं आहे, आपल्या नावावर कुठलाही बोजा नाही, आणि झालेल्या त्रासाबद्दल दिलगिरी आहे. ते दोन गृहस्थ मात्र सापडले नाहीत. मोबाईल क्रमांकाचा माग दूर कुठेतरी गेला आणि तिथे संपला. आईला ती गोष्ट अजून सलते. मी म्हणते, सोड. ती सोडत नाही. अधूनमधून हवालदारांना फोन करून चौकशी करते.

ते पत्र आल्यावर आम्ही पुन्हा रत्नागिरीला गेलो, कागद पुरे करायला. सह्या झाल्या. मी उठले. आई उठली नाही.

"मला तुमचं क्रेडिट कार्ड हवंय," ती त्या मुलीला म्हणाली.

मी चाट पडले. "आई, एवढं सगळं झाल्यावर?"

"एवढं सगळं झाल्यावरच. माझ्या नावाचं कार्ड निघत असेल, तर ते माझ्या पिशवीत असलं पाहिजे. पण मला आधी ते समजावून सांगा. समजल्याशिवाय मी घेणार नाही."

त्या मुलीने खुर्ची पुढे ओढली. तिने जुनं काळ्या पट्टीचं कार्ड आणि नवं चिपचं कार्ड शेजारी ठेवून फरक सांगितला. परदेशातले व्यवहार कसे बंद ठेवायचे, ऑनलाइन हवं तेव्हाच चालू करायचं, नुसतं टेकवून पैसे जाणारी सोय कशी बंद करायची, खर्चाची मर्यादा स्वतः कशी ठरवायची, सगळं दाखवलं. आईने वही काढून लिहून घेतलं. शंका विचारल्या. मधेच त्या मुलीला म्हणाली, "तुम्ही चांगलं शिकवता." ती मुलगी लाजली. या वेळच्या अर्जावर शिक्षण आणि व्यवसाय हे रकाने आईने स्वतः भरले, ठळक अक्षरात.

महिन्याभराने आईने विहारात सगळ्यांना बोलावलं. ते दहा जण तर आलेच, बाकी वाडीही आली. मी मागे भिंतीला टेकून बसले होते. आधी आई उभी राहिली आणि म्हणाली, "कागद द्या असं मी तुम्हाला सांगितलं होतं. ती माझी चूक होती." मग शेजारचे काकाच म्हणाले, "बाई, बसा खाली. पुढचा धडा घ्या." सगळे हसले.

तिने फळा आणला होता. त्यावर तिने एक गणित लिहिलं आणि उत्तर लिहिलं. "परीक्षेत दर वर्षी हेच गणित आलं तर काय होईल?"

"पोरं उत्तर चोरून लिवतील," एक आजी म्हणाल्या.

"काळ्या पट्टीचं कार्ड तसं. दर वेळी तेच उत्तर. एकदा कोणी उतरवून घेतलं की संपलं. चिप दर वेळी नवीन गणित घालते. कालचं उत्तर आज चालत नाही." तिने आपलं कार्ड वर धरून सगळ्यांना ती छोटी सोनेरी चौकट दाखवली. "पण चिप तुमचा पिन राखत नाही. तो तुम्ही राखायचा. पिन पोराला सांगायचा नाही, सुनेला सांगायचा नाही, बँकेचा साहेब म्हणून फोन आला तर त्यालाही नाही."

"आनी आमाला आकडे इसरायला झाले तर?" त्या विधवा बाईंनी विचारलं.

"तुमच्या म्हशीला किती वर्षांनी रेडकू झालं ते तुम्हाला आठवतं ना? चार आकडे आठवतील."

मग तिने झेरॉक्सचा नियम सांगितला. कुठेही झेरॉक्स द्यायची तर तिच्यावर आडवं लिहायचं: कशासाठी दिली, कोणाला दिली, तारीख आणि सही. ज्यांना लिहिता येत नाही त्यांनी लिहून घ्यायचं. शक्य तिथे आधारचे पहिले आकडे झाकलेली प्रत द्यायची. दापोलीत एसटी स्टँडाजवळ ज्यांचं झेरॉक्सचं दुकान आहे, त्यांनी मला पुढे एकदा थांबवून तक्रार केली, "तुमच्या गावची माणसं काउंटर अडवून लिहीत बसतात हो, मागे रांग लागते." आता त्यांनी काउंटरच्या कडेला एक वेगळं टेबल ठेवलंय आणि एक पेन दोरीने बांधलंय. दुसऱ्या गावची माणसंही तिथे लिहिताना मी पाहिली आहेत.

माझी स्वतःची गोष्ट सांगायची तर माझा पिन माझ्या मोबाईलच्या कव्हरमध्ये चिठ्ठीवर लिहिलेला होता, आणि ऑफिसातल्या निम्म्या लोकांना तो माहीत होता. त्या विहारातल्या दिवशी घरी येऊन मी ती चिठ्ठी फाडली. पिन बदलला. आईला सांगितलं नाही. कोणत्या तोंडाने सांगणार?

आईने कार्ड पहिल्यांदा वापरलं तेव्हा मी बरोबर होते. दापोलीच्या बाजारात भांड्यांच्या दुकानात तिने कुकर घेतला. दुकानदार ओळखीचा. कार्ड घेऊन मशीनमध्ये घातलं आणि सवयीने म्हणाला, "पिन सांगा बाई, मी टाकतो."

"मशीन इकडे द्या," आई म्हणाली.

तिने मशीन पोटाशी धरलं, डाव्या हाताचा आडोसा केला आणि एकेक आकडा दाबला. पावती आली. मोबाईलवर संदेशही आला. तिने दोन्ही ताडून पाहिले आणि मगच कुकरची पिशवी उचलली. दुकानदार माझ्याकडे पाहून हसला, मी मात्र हसले नाही. माझी मान जरा ताठ झाली होती.

गेल्या हिवाळ्यात तिचा सकाळी सकाळी फोन आला. वाडीतल्या सहा बायकांना घेऊन ती बोधगयेला चालली होती. तिकिटं निघालीही होती.

"कोणी काढली?" मी विचारलं.

"मी. मोबाईलवरून, माझ्या कार्डावर. सगळ्यांनी आपापल्या वाटणीचं आधीच दिलंय."

मला आपलं जुन्या सवयीने काळजी वाटली. "अगो, मग तो ओटीपी आला असेल, तो कोणाला सांगितलास?"

"तुलासुद्धा सांगणार नाही," आई म्हणाली आणि गाडीत खायला काय न्यायचं ते विचारायला लागली.